न्यूयॉर्कचा भाव, वावरातलं दहिवर अन दहा रुपये किलो

दिवाळी झाली की आमच्या गावात सकाळी सात-साडेसातला चौकात दोन-तीन ऑटो येऊन उभे राहतात, बाजूच्या गावच्या शेतकऱ्यांनी पाठवलेले, अन तिथं रोज एकच वाद चालते. कापूस वेचायचे किलोला किती? कोणी म्हणते नऊ, कोणी दहा, एखादा अडला असला तर अकरा म्हणते अन वरून ऑटोचं भाडं माझं. बाया डोक्याला फडकं बांधून, पिशवीत भाकर घेऊन उभ्या. त्यातली एक म्हातारी ठरवते कोणत्या ऑटोत बसायचं, बाकीच्या तिच्यामागं. पाच मिनिटांत ‘डील’ होऊन जाते. माझी आई तीस वर्षं झाली या चौकात उभी राहून राहिली. आमच्या घरी साडेचार एकर कोरडवाहू आहे, म्हणजे आम्ही शेतकरीही अन मजूरही, आपल्या वावरातला वेचा झाला की आई दुसऱ्याच्या वावरात. मी मधे दोन हंगाम एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून बी वेगळं करायच्या कारखान्याच्या, काट्यावर पावत्या फाडायचं काम केलं, त्यामुळं या साखळीची दोन्ही टोकं थोडीथोडी पाहिली.

‘जागतिकीकरण’ म्हटलं की आपल्याकडं लोकांना बंगलोरचे कॉल सेंटर आठवते नाहीतर मॉल आठवते. पण खरं पाहिलं तर त्या ऑटोजवळचा नऊ-दहाचा वाद, तेच जागतिकीकरण आहे. भाव बाहेरून येते, कबूल. पण त्या भावाचा झटका कोणाच्या अंगावर पडायचा हे बाहेरचे लोक ठरवत नाहीत, ते आपल्याच इथले नियम ठरवतात. हेच मला जरा उलगडून सांगायचं आहे, हिशोबासकट.

आधी एक क्विंटल कापूस घ्या. जिनिंगमधे रेच्यातून काढला की त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी म्हणजे बी, थोडी घट अन कचरा. रुईची १७० किलोची गठाण बांधतात, पण भाव बोलतात खंडीचा, खंडी म्हणजे ३५६ किलो. सरकीचं तेल अन ढेप होते. आता समजा रुई १५० रुपये किलो आहे, ३४ किलोचे झाले ५,१००. सरकी ३३ रुपयानं ६२ किलो, म्हणजे दोन हजाराच्या वर. मिळून सात हजार शंभर-दीडशे. यातून जिनिंगचा खर्च, गाडीभाडं अन व्यापाऱ्याचं काढा, जे उरलं तो तुमच्या कापसाचा भाव. म्हणजे रुई किलोमागं दहा रुपयानं पडली की क्विंटलमागं ३४० रुपये गेले, सरळ हिशोब आहे. (म्हणून ढेपीचा भाव वाढला की गाई-म्हशीवाले रडतात अन कापूसवाले खुश राहतात. एकाच घरात दोन्ही असले की मजा राहते.)

त्याच क्विंटलमधे वेचणीचे किती, तर दहा रुपये किलोनं हजार. सातातला एक. खत, बियाणं, फवारणी, निंदण हे सगळं आधीच होऊन गेलेलं राहते, दुकानदाराची उधारी ठरलेली राहते, तिथं एक रुपयाही कमी होत नाही. शेवटी शेतकऱ्याच्या हातात घासाघीस करायला एकच गोष्ट उरते, वेचणीचा रेट. म्हणून ऑटोजवळ वाद होते, कृषी केंद्रात होत नाही.

मग १५० रुपये किलो हा आकडा आला कुठून? न्यूयॉर्कमधे कापसाचा वायदे बाजार आहे, तिथं भाव बोलतात सेंट प्रति पाउंड. पाउंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी. समजा तिथं ६५ सेंट चालू आहे अन डॉलर ८८ रुपये आहे, तर किलोला साधारण १२६ रुपये होतात. आता तुम्ही म्हणाल की माझा कापूस तर गावातून तालुक्याच्या जिनिंगात जाते अन तिथून कोइमतूरच्या मिलमधे, अमेरिकेशी माझा काय संबंध. संबंध हा की कोइमतूरच्या मिलवाल्याला फोन उचलून ब्राझीलची गठाण मागवता येते. ती जहाजभाडं अन टॅक्स धरून जेवढ्यात पडेल त्याच्या फार वर तो तुम्हाला देणार नाही. माल तिथून आला नाही तरी, ‘येऊ शकते’ एवढंच पुरते.

अन हे काही आजचं नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस मॅंचेस्टरला जायचा बंद झाला, तर इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव असा चढला की लोकांनी ज्वारी मोडून पऱ्हाटी लावली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव आपटला, पण पऱ्हाटी काही गेली नाही. पुढं कापूस ओढून न्यायसाठीच खामगावला रेल्वेचा फाटा आला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आली, तीसुद्धा एका इंग्रज कंपनीची. आमच्या पणजोबाला मॅंचेस्टर कुठं आहे माहीत नव्हतं, पण त्याच्या ताटातली ज्वारी कमी झाली ती तिकडच्या लढाईनं. जमशेटजी टाटांनी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती याच विचारानं की मुंबईला कापूस वाहून न्यायपेक्षा मिलच कापसाजवळ न्यावी. तिथं कायदा यायच्या आधी कामगारांसाठी पेन्शन फंड अन अपघाताची भरपाई सुरू झाली होती. ती मिल केव्हाचीच बंद पडली. कापूस इथं, सूत तिकडं, कपडे तिसरीकडं, हा प्रकार आता पुन्हा पक्का झाला. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून अमरावतीच्या पीएम मित्रा टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन केलं, म्हणजे कापसाजवळच कपडा ही जमशेटजींचीच कल्पना परत आली असं म्हणा. चांगलं आहे, होऊ द्या, पण तिथं पोरांना कायम नोकरी भेटते की ठेकेदाराच्या हाताखाली ते आधी पाहावं लागेल.

आता कोणी म्हणेल की बाजार आहे बाबा, मागणी-पुरवठा, त्यात कोणाचा दोष? तर तो बाजारही सपाट मैदान नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना इतकी सबसिडी देते की भाव पडला तरी तो पिकवत राहते, अन त्यानं जगाचा भाव आणखी पडते. यावर ब्राझीलनं २००२ ला जागतिक व्यापार संघटनेत केस टाकली अन जिंकली. पुढं काय झालं ऐका. अमेरिकेनं सबसिडी बंद करायच्या ऐवजी ब्राझीललाच पैसे देणं सुरू केलं, २०१० ला ठरलं वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर, अन २०१४ ला शेवटचे ३० कोटी डॉलर देऊन मामला मिटवला. म्हणजे आपल्या कापूसवाल्यालाही पैसे अन तक्रार करणाऱ्याच्या कापूसवाल्यालाही. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड अन माली हे चार गरीब देश २००३ पासून हेच गाऱ्हाणं मांडून राहिले, त्यांच्याजवळ ब्राझीलसारखा दम नव्हता, त्यांना असा चेक काही भेटला नाही. आपण यवतमाळवाले त्या चौघांच्याच रांगेत आहोत असं मला कधीकधी वाटते.

बरं, बाहेरच्या स्वस्त मालाला आडवायसाठी सरकारजवळ फाटक राहते, आयात शुल्क. २०२१ च्या बजेटमधे कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क लागलं. वरच्या हिशोबात १२६ चे १४० होतात, म्हणजे किलोमागं चौदा रुपयाची आड. क्विंटलमागं करून पहा, पावणेपाचशे रुपये. आता २०२५ च्या ऑगस्टमधे काय झालं तर अमेरिकेनं भारतीय मालावर टॅरिफ वाढवत ५० टक्क्यांवर नेला, तिरुपूरच्या कपडेवाल्यांच्या ऑर्डरी अडकल्या, ते म्हणाले निदान कापूस तरी स्वस्त द्या. सरकारनं १९ ऑगस्टपासून ते ११ टक्के माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपला पहिला अन दुसरा वेचा, बरोबर जेव्हा शेतकऱ्याच्या घरात कापूस येते तेव्हा फाटक उघडं.

यात तिरुपूरवाला खोटं बोलत होता असं नाही. तिथं शिवणकाम करणारी पोरगीसुद्धा कोणाची तरी लेक आहे, ऑर्डर गेली तर तिचं काम गेलं. पण पहा, भांडण अमेरिका अन भारत सरकारचं, मार वाचवायचा तिरुपूरचा, अन किंमत मोजली वऱ्हाडातल्या वावरानं. त्या पोरीला वाचवायचे दुसरे रस्ते होते, सरकारी तिजोरीतून मिलवाल्याला मदत देता आली असती, तो खर्च सगळ्या देशानं वाटून घेतला असता. फाटक उघडणं सोपं होतं कारण त्याचं बिल कुठं दिसत नाही.

‘पण हमीभाव आहे ना!’ आहे. २०२५-२६ चा लांब धाग्याचा ८,११० अन मध्यम धाग्याचा ७,७१०. बाजारात सात हजार अन हमीभाव आठ, म्हणजे सगळा कापूस सीसीआयकडं, हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाकडं, जायला पाहिजे. आता या ठिकाणी थोडं थांबतो, कारण ही गोष्ट वेचणाऱ्या बाईच्या रोजीपर्यंत कशी जाते हे कोणी सांगत नाही.

सीसीआय कापूस घेते तो ८ ते १२ टक्के ओलाव्याचा. आठ टक्क्याला पूर्ण भाव, त्याच्या वर एकेक टक्क्याला एकेक टक्का कपात, अन बाराच्या वर गेला की गाडी वापस. काट्यावर बसलो होतो तेव्हा मी हे डोळ्यानं पाहिलं, माणूस पन्नास किलोमीटरवरून ट्रॅक्टर घेऊन आला, आधी मोबाइलवर नोंदणी, मग नंबर, मग रात्रभर रांग, अन मशीन लावली तर साडेतेरा. तो तिथंच गेटजवळ व्यापाऱ्याला सहा हजार आठशेनं देऊन मोकळा झाला. परत कुठं नेणार?

एकदा असा फटका बसला की तो शेतकरी काय शिकते? दहिवर, म्हणजे दव, असताना वेचू द्यायचं नाही. हिवाळ्यात आमच्याकडं सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत बोंडावर दहिवर राहते. आधी बाया उजाडताच वावरात उतरायच्या, थंडा-थंडात दहा-बारा किलो होऊन जायचे, ओला कापूस वजनालाही भरायचा, अन दुपारी तीनला घरी. आता शेतकरी म्हणते दहा वाजता या. दहा ते पाच, भर उन्हात, अन सुका कापूस हलका. जी बाई चाळीस किलो करायची ती तीस-बत्तीसवर आली. रेट तोच दहा, कागदावर कोणीच काही कापलं नाही, पण हातात चारशेच्या जागी तीनशे. अन शेतकऱ्याला दोष देता येत नाही, सीसीआयला देता येत नाही कारण ओला कापूस गंजीत तापते अन रुई पिवळी पडते हे खरंच आहे. नियम बरोबर आहे, फक्त तो बनवताना या बाईचा हिशोब कोणी धरला नाही. मी आईला हे सगळं, न्यूयॉर्क-बिवयॉर्क समजावून सांगत होतो तर ती म्हणते, “त्या न्यूयॉर्कवाल्याले फोन लाव अन सांग, इथं अजून दहिवर हाय म्हणा, थांब जरासाक.”

भाव चढला की रेट चढते का? २०२२ मधे न्यूयॉर्कचा भाव दीड डॉलर पाउंडच्या आसपास गेला होता, आपल्याकडं कापूस दहा हजाराच्या वर विकला. तेव्हा आमच्या गावात वेचणी सातवरून नऊवर गेली, बस. भाव जवळजवळ दुप्पट, रेट दोन रुपये जास्त. त्यातही खरा भाव चढला उन्हाळ्याकडं, तोवर लहान शेतकऱ्याचा कापूस विकून झाला होता, वेचणी तर संपलीच होती. फायदा कोणाला, ज्याच्याजवळ माल ठेवायला जागा अन थांबायला पैसा होता त्याला. पडताना मात्र सगळे एकदम पडतात.

मग रेट वाढते कशानं? माझ्या पाहण्यात एकच गोष्ट आहे, बाईजवळ ‘नाही’ म्हणायची सोय असली की. ती सोय कुठून येते, तर दुसरं काम असण्यातून. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी सुरू केली, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ ला त्याचा कायदा झाला, अन २००५ ला देशानं तोच धागा पकडून मनरेगा आणली. महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज. ज्या वर्षी पांदण रस्त्याचं नाहीतर शेततळ्याचं काम गावात चालू राहते त्या वर्षी शेतकऱ्याला ३१२ च्या खाली कोणी भेटत नाही, मग तो किलोचा रेट आपोआप वाढवते, कोणी मोर्चा काढत नाही काही नाही. म्हणूनच शेतकरी मंडळींचा रोजगार हमीवर राग राहते. डिसेंबर २०२५ मधे मनरेगाच्या जागी संसदेनं नवा कायदा केला, त्यात १०० दिवसांचे १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस काम बंद ठेवायची तरतूद टाकली, अन राज्याचा खर्चाचा वाटा ४० टक्के केला. दिवस वाढले ही गोष्ट चांगली दिसते. पण ज्या दिवसांत ते काम असल्यानं रेट वाढायचा नेमके तेच दिवस झाकले, याचा अर्थ ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा.

लाडक्या बहिणीचंही तसंच. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला १,५०० यायला लागले तर पारावर एकच बोंब, ‘बाया आळशी झाल्या, कामाले येत नाहीत.’ अरे बाबा, १,५०० म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयात कोण आळशी होते? झालं एवढंच की ताप असताना वेचायला जायची जी बळजबरी होती ती थोडी सुटली. (मी ही योजना लय ग्रेट आहे असं म्हणून नाही राहिलो, निवडणुकीचा हिशोब त्यात होताच. पण पारावरच्या बोंबेत किती दम आहे तेवढं सांगतो.)

शेतकऱ्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे, तो मालक कमी अन मधे दबलेला माणूस जास्त आहे. त्याला भाव ठरवता येत नाही, बाई भेटली नाही तर कापूस झाडावर लोंबते, अवकाळी आला की त्याची कवडी, म्हणजे खराब माल, होते. अमेरिकेत वेचणीला मशीन राहते, एक माणूस केबिनमधे बसून दिवसात जेवढं वेचते तेवढं आमच्या अख्ख्या गावाच्या बाया आठवड्यात करणार नाहीत. आपली पऱ्हाटी वेगवेगळ्या उंचीची, बोंडं तीन-चार वेळा फुटणारी, वावर चार एकराचं, मशीन आणायची कुठं. म्हणजे आमची आई तिच्या दोन हातांनी त्या मशीनशी स्पर्धा करून राहिली, अन भाव दोघांचा एकच.

आता हक्काची गोष्ट. कापूस एकच, पण त्याला हात लावणारी माणसं तीन प्रकारची, अन कायद्याच्या नजरेत तिघांची किंमत वेगळी. बाजार समितीतला हमाल पहा. १९६९ चा माथाडी कायदा त्याच्यासाठी आहे, हमाली बोर्डात जमा होते, व्यापाऱ्याकडून वर लेव्ही घेतली जाते, त्यातून पीएफ, बोनस, रजा, दवाखाना. सगळीकडं नीट चालते असं नाही, पण कायदा आहे, अन तो हमालांनी भांडून घेतला.

दुसरी, जिनिंगमधे काम करणारी बाई. रुईची धूळ नाकातोंडात, वर्षानुवर्षं छातीत बसली की खोकला जात नाही, डॉक्टर लोकांजवळ त्याला नावसुद्धा आहे, बिसिनोसिस. मी होतो त्या जिनिंगात तोंडाला बांधायला मालकाकडून फडकंही भेटत नव्हतं, बाया आपलाच पदर बांधायच्या. तुम्हाला वाटेल फॅक्टरी आहे म्हणजे ईएसआयचं, सरकारी कामगार विम्याचं, कार्ड असेल. नाही. १९४८ च्या ईएसआय कायद्यातून मोसमी कारखाने वगळले होते, अन मोसमी म्हणजे कोणते त्या यादीत पहिलंच नाव होतं कापसाचं जिनिंग! नंतर प्रेसिंग, भुईमूग फोडणी, कॉफी, नीळ, साखर, चहा असं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच व्याख्या, नीळसुद्धा तशीच ठेवली. बेल्टमधे हात गेला तर १९२३ च्या जुन्या कायद्यापासून भरपाईचा हक्क आहे, पण ती मागावी लागते, लढावी लागते, अन आधी सिद्ध करावं लागते की तू इथंच कामाला होती. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पेन्सिलनं.

तिसरी, वेचणारी. तिच्यासाठी किमान वेतन आहे, शेतमजुरी १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासूनच त्यात धरलेली आहे. पण किलोच्या रेटाला किमान वेतनाशी जोडून पाहायला वावरात कोण येणार? मी तीस वर्षांच्या आईला विचारलं, म्हणजे तीस वर्षं वेचून राहिलेल्या आईला, कधी लेबर ऑफिसर पाहिला का. ती म्हणाली तलाठी पाहिला, पटवाऱ्याचा कोतवाल पाहिला, हा कोण राहते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यात गेले. चाकणला गेलेल्या आमच्या गावच्या पोरांना यातली एक गोष्ट कामाची आहे, ठराविक मुदतीच्या कामावर असलं तरी एका वर्षात ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायची गरज नाही. दुसरी गोष्ट उलटी, आधी शंभर कामगारांच्या वरच्या कारखान्याला कपात करायला सरकारची परवानगी लागायची, आता तीनशे. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं. वेचणीवाल्या बाईला मात्र दोन्ही हात लागले नाहीत.

तरी चौकातली ती म्हातारी तिचा कायदा चालवतेच. फेब्रुवारीत शेवटच्या वेच्याला, फरदडीच्या वेळी, झाडाला बोंडं इतकी विरळ राहतात की दिवसभर फिरलं तरी दहा-बारा किलो होत नाही. तेव्हा शेतकरी म्हणते किलोला बारा देतो, पंधरा देतो. ती ऑटोकडं पाहतही नाही. म्हणते किलोनं नाही, रोजीनं. साडेतीनशे, अन पाचला सुट्टी. मागच्या हंगामात दोन ऑटो रिकामे वापस गेले, तिसऱ्या दिवशी तेच ऑटो आले अन ड्रायव्हरनं लांबूनच हाक दिली, रोजीनं बसा म्हणे.